सबवूफरसाठी घरी मोठा ॲम्प्लिफायर बांधताना : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात हाताने ॲम्प्ली बांधणारी पोरं पुष्कळ आहेत. कुणी आयटीआय केलेला, कुणी टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंग शिकलेला, कुणी नुसते व्हिडिओ बघून हात बसवलेला. सगळ्यांची अडचण साधारण एकच असते : आहे त्या ॲम्प्लीवर सबवूफर हलत नाही, आता मोठं काय बांधू? त्यावर बहुतेक जण नवा बोर्ड घेतात. माझं म्हणणं असं की बोर्ड ही सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे. वॅट बोर्डवर छापलेले असतात, पण येतात ते ट्रान्सफॉर्मरमधून. खालची बरीचशी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

माझ्याकडे ४४४० डबल आयसीचा बोर्ड आहे. घेताना १०० वॅट सांगितलं होतं. मग बेस का लागत नाही?

कारण तो १०० वॅटचा नाही. एलए ४४४० या आयसीच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) १३.२ व्होल्ट आणि ४ ओमला दिलेले आकडे असे आहेत : स्टिरिओ जोडणीत प्रत्येक बाजूला ६ वॅट, ब्रिज जोडणीत (दोन्ही बाजू मिळून एकच स्पीकर) १९ वॅट. दोन आयसी ब्रिज केले तरी दोन बाजूंना मिळून ३८. उरलेले वॅट फक्त स्टिकरवर असतात. पीएमपीओ म्हणून जो आकडा लिहितात त्याला मोजमापाचा आधार नसतो, तो बघून खरेदी करू नका.

काही जण व्होल्टेज वाढवून बघतात. या आयसीची चालू असतानाची मर्यादा १८ व्होल्ट आहे. १२-०-१२ चा (मधल्या तारेपासून दोन्हीकडे १२ व्होल्ट) ट्रान्सफॉर्मर रेक्टिफाय केला, म्हणजे एसीचा डीसी केला, की १६ व्होल्ट येतातच, म्हणजे वर जागाच उरत नाही. हा आयसी गाडीच्या टेपसाठी चांगला होता आणि त्या कामाला आजही चांगला आहे. सबवूफर हे त्याचं काम नव्हे.

वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होतो की नाही?

नाही. वॅट दुप्पट म्हणजे ३ डेसिबल. एवढा फरक कानाला जाणवतो, पण ‘वाढला वाटतं’ इतपतच. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. म्हणून २० वॅटवरून ४० वर जाण्यात पैसे घालू नका. २० वरून १०० वर गेलात तर ७ डेसिबल मिळतात, तिथे खर्चाचं चीज होतं.

याच हिशोबाची दुसरी बाजू दुकानात कुणी सांगत नाही. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॅटला तो किती आवाज देतो तो आकडा, ८७ डेसिबल असेल आणि त्याऐवजी ९० चा घेतला, तर ॲम्प्लीला हात न लावता वॅट दुप्पट केल्याचा फायदा होतो. ॲम्प्लीवर खर्च करण्याआधी स्पीकरचा कागद मागून घ्या आणि हा आकडा बघा.

मला खरे १०० वॅट हवेत. हिशोब कसा मांडायचा?

हा भाग वही-पेन घेऊन करा. एकदा हाताने केलात की पुन्हा कुणी फसवणार नाही.

स्पीकर ४ ओमचा धरू. १०० गुणिले ४ म्हणजे ४००, त्याचं वर्गमूळ २०. म्हणजे स्पीकरवर २० व्होल्ट आरएमएस (एसीचा नेहमी सांगतात तो व्होल्टेज) लागतात. त्याचं टोक २० गुणिले १.४१, म्हणजे २८.३ व्होल्ट. आउटपुट ट्रान्झिस्टर आणि ड्रायव्हर मिळून ३-४ व्होल्ट स्वतःकडे ठेवतात, तेव्हा रेल, म्हणजे बोर्डला मिळणारा डीसी सप्लाय, साधारण अधिक-उणे ३२ व्होल्ट हवी. करंटचं टोक २८.३ भागिले ४, म्हणजे ७ ॲम्पियर. पूर्ण ताकदीने सलग सूर वाजवला तर क्लास एबीचा (नेहमीचा, डिजिटल नसलेला) ॲम्प्ली सप्लायमधून सुमारे १४५ वॅट ओढतो. त्यातले १०० स्पीकरला जातात, बाकीचे उष्णता होतात.

आता ट्रान्सफॉर्मर. २४-०-२४ घेतला तर २४ गुणिले १.४१ म्हणजे ३४, डायोडचा एक व्होल्ट वजा करून ३३. भार पडल्यावर ३१-३२. म्हणजे जमलं. करंट किती? रेक्टिफायर आणि कपॅसिटर ट्रान्सफॉर्मरमधून करंट सलग ओढत नाहीत, झटक्यांनी ओढतात, म्हणून व्हीए (ट्रान्सफॉर्मरचे व्होल्ट गुणिले ॲम्पियर) हा आकडा डीसी वॅटच्या दीडपटीहून जास्त ठेवायचा. १४५ च्या दीडपट जवळजवळ २२०. दुकानात ‘२४-०-२४, ५ ॲम्पियर’ मागितलात तर ४८ गुणिले ५ म्हणजे २४० व्हीए होतात. १०० वॅटच्या मोनो सबला एवढा पुरतो. २ ॲम्पियरचा ट्रान्सफॉर्मर लावून ‘बोर्ड १०० वॅटचा आहे’ म्हणण्यात अर्थ नाही.

२०० वॅट हवे असतील तर हाच हिशोब असा होतो : २८.३ व्होल्ट आरएमएस, टोक ४०, करंट १० ॲम्पियर, रेल अधिक-उणे ४५, ट्रान्सफॉर्मर ३५-०-३५ आणि ६ ॲम्पियर, म्हणजे ४२० व्हीए. वजन आणि किंमत दोन्ही इथून चढतात. घरातल्या खोलीसाठी मी १०० वरच थांबायला सांगतो. वाचलेले पैसे चांगल्या स्पीकरला आणि जाड खोक्याला घाला.

गावात संध्याकाळी व्होल्टेज २०० वर येतो. स्टॅबिलायझर लावू काय?

बेससाठी नको. वरचाच ट्रान्सफॉर्मर २०० व्होल्टवर भाराखाली साधारण २७ व्होल्टची रेल देईल. त्यातून ७० वॅटच्या आसपास मिळतात. १०० चे ७० म्हणजे दीड डेसिबलची घट, गाणं ऐकताना ती लक्षातही येत नाही.

उलट मध्यरात्री भार उतरल्यावर व्होल्टेज २५० च्या घरात जातो त्याची काळजी करा. २४-०-२४ ची रेल तेव्हा ३६ होते, ३५-०-३५ ची ५३. म्हणून पहिल्याला ५० व्होल्टचे कपॅसिटर आणि दुसऱ्याला ६३ व्होल्टचे. ३५-०-३५ वर ५० व्होल्टचे कपॅसिटर लावलेले सेट मी बघतो तेव्हा खरंच भीती वाटते. ते फुटतात.

सबवूफरला कपॅसिटर जास्त लागतात म्हणतात, ते खरं काय?

खरं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आपली लाइन ५० हर्ट्झची, ब्रिज रेक्टिफायरनंतर कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरतो, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी. गाण्यातला आवाज ५०० हर्ट्झचा असेल तर अधिक रेल एक मिलिसेकंद ओढली जाते, मग उणे रेल एक मिलिसेकंद. दोघींना उसंत मिळते. ४० हर्ट्झच्या बेसला मात्र एकच रेल सलग साडेबारा मिलिसेकंद करंट देत राहते. भरण्याच्या दोन खेपांमधलं अंतर त्याहून कमी आहे. म्हणजे एका अर्ध्या लाटेचा जवळजवळ सगळा भार त्या रेलच्या कपॅसिटरवर आणि ट्रान्सफॉर्मरच्या एका झटक्यावर येतो.

१०० वॅट, ४ ओमला प्रत्येक रेलवर १०,००० मायक्रोफॅरॅड ठेवा. ४,७०० चे दोन समांतर लावले तरी चालतात, उलट गरम कमी होतात. ‘४७,००० लावले तर आणखी दणका येईल’ हा समज सोडा. ट्रान्सफॉर्मर लहान असेल तर ते भरणारच नाहीत, आणि चालू करताना डायोडवर जो झटका बसतो तो मात्र वाढेल. ब्रिज रेक्टिफायर धातूच्या खोळीचा, केबीपीसी ३५१०, बॉडीला स्क्रूने घट्ट बसवलेला.

एक गोष्ट जिवाची. ४५ व्होल्टला भरलेला १०,००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर १० ज्यूल साठवतो. प्लग काढल्यावरही तो भरलेलाच असतो. प्रत्येक कपॅसिटरवर ४.७ किलोओम, १ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावून ठेवा, म्हणजे काही मिनिटांत तो आपोआप रिकामा होतो. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची सवय कुणी लावली असेल तर सोडून द्या.

ट्रान्सफॉर्मर कुठे मिळेल? आमच्याकडे ५ ॲम्पियरच्या वर कुणी ठेवत नाही.

शेतीपंपाच्या मोटारी वाइंडिंग करणारी दुकानं आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत. त्यातले काही जण ट्रान्सफॉर्मरही भरून देतात. त्यांना तीन गोष्टी सांगा : सेकंडरीचा व्होल्टेज, करंट, आणि प्रायमरी व सेकंडरीच्या मध्ये इन्सुलेशन पेपरचे नीट थर. ही तिसरी गोष्ट सोडू नका. २३० व्होल्ट आणि तुमच्या हातातली इअरफोनची वायर यांच्यामध्ये तेवढाच कागद असतो. वार्निश करून वाळवून घ्यायला लावा, नाहीतर पत्र्या भुणभुणतात. ट्रान्सफॉर्मर घरी आणल्यावर प्रायमरी आणि बॉडी, प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यात काही वाहत नाही ना ते मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) बघा. पंपवाल्यांकडे मेगर असतोच.

आयसी, रेझिस्टर, रिले हे बेळगावात मिळतं. मोठे कपॅसिटर किंवा नेमका हवा तो ट्रान्झिस्टर नसेल तर कोल्हापूर, हुबळी, नाहीतर बेंगळुरूचा एसपी रोड.

बोर्ड कुठला घेऊ? ७२९४, ३८८६, ५२००-१९४३ की डिजिटल?

तुमचा स्पीकर किती ओमचा आहे त्यावर ठरतं.

स्पीकर ८ ओमचा असेल तर टीडीए ७२९४. अधिक-उणे ३५ व्होल्टला तो ८ ओमवर ७० वॅट स्वच्छ देतो. डब्यावर छापलेले १०० वॅट हे १० टक्के विकृतीसह (डिस्टॉर्शन), एका सेकंदापुरते मोजलेले असतात. ४ ओमला हाच आयसी अधिक-उणे २७ वर चालवायचा असतो, तेव्हा २४-०-२४ ट्रान्सफॉर्मर त्याला जास्त होतो, १८-०-१८ घ्या. आणि त्याच्या पाठीचा धातूचा भाग उणे रेलला जोडलेला असतो. अभ्रक न लावता हीटसिंकवर बसवला आणि हीटसिंक कॅबिनेटला टेकला की उणे रेल सरळ शॉर्ट.

एलएम ३८८६ अधिक-उणे २८ व्होल्टला ४ ओमवर ६८ वॅट देतो. त्यात आतच इतकी संरक्षणं आहेत की पहिल्यांदा बांधणाऱ्याला मी हाच सांगतो. बेसला जोर लावल्यावर आवाज तुटक यायला लागला तर समजा की संरक्षण लागलं आहे. बोर्ड खराब नाही, त्याच्याकडून मागणी जास्त आहे.

४ ओमला खरे १०० ते २०० वॅट हवेत तर २एससी ५२०० आणि २एसए १९४३ च्या दोन जोड्यांचा बोर्ड. १०० ला एक जोडी कागदावर पुरते, पण सबवूफर नुसता रेझिस्टर नाही. त्याची कॉइल आणि हलणारा कोन (स्पीकरचा पडदा) यामुळे व्होल्टेज आणि करंटची टोकं वेगवेगळ्या वेळी येतात आणि ट्रान्झिस्टरवर दोन्हींचा भार एकदम पडतो. दोन जोड्या घ्याच. बायस, म्हणजे आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट, फार वाढवू नका. ०.२२ ओमच्या रेझिस्टरवर १० मिलिव्होल्टच्या आसपास पुरे, बेसला क्रॉसओव्हरची (एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे काम जातानाची) खरखर ऐकूच येत नाही. बायसचा छोटा ट्रान्झिस्टर मात्र हीटसिंकवरच बसला पाहिजे. तो हवेत लोंबकळत ठेवला तर आउटपुट तापत जातात, करंट वाढत जातो आणि शेवटी बोर्ड जातो.

या ट्रान्झिस्टरांचा नकली माल फार आहे. फार स्वस्त मिळणारी जोडी मोठ्या रेलवर लावू नका. तोशिबाचे टीटीसी ५२०० आणि टीटीए १९४३ हे त्याच घराण्यातले नवे क्रमांक आहेत, खात्रीच्या दुकानातून तेच घ्या.

डिजिटल बोर्ड छोटा, स्वस्त आणि थंड. मग हा सगळा खटाटोप कशाला?

क्लास डी, म्हणजे हाच डिजिटल बोर्ड, वाईट नाही. कमी उष्णता आणि कमी वजन हे त्याचे खरे गुण आहेत. तक्रार सप्लायची आहे. टीपीए ३११६ चा ‘१०० वॅट’ बोर्ड घेतला आणि राउटरचा १२ व्होल्ट, २ ॲम्पियरचा अडॅप्टर लावला, तर सप्लायच २४ वॅटचा. १२ व्होल्टमधून ४ ओमला स्वच्छ १५ वॅटच निघतात, मग चिप कुठलीही असो. याच चिपला २१ व्होल्ट दिले तर डेटाशीटप्रमाणे ४ ओमला ५० वॅट, तेही १० टक्के विकृतीसह. म्हणून २४ व्होल्ट, ६ ॲम्पियरचा चांगला एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) घ्या, मग त्या बोर्डला न्याय मिळतो.

मोठ्या क्लास डीमध्ये, म्हणजे आयआरएस २०९२ सारख्या दोन रेलच्या बोर्डांत, सबवूफरपुरती एक वेगळी खोड आहे. खालच्या सुरांना एक रेल काम करत असताना दुसऱ्या रेलकडे ऊर्जा परत ढकलली जाते आणि तिचा व्होल्टेज चढत जातो. सूर जितका खाली तितकी चढ जास्त. कपॅसिटर काठावरच्या व्होल्टेजचे असले तर ते जातात, किंवा बोर्डचं संरक्षण लागून सब मध्येच गप्प होतो. उपाय : कपॅसिटर मोठे आणि १५-२० व्होल्ट जास्त रेटिंगचे, किंवा सरळ ब्रिज जोडणीचा बोर्ड.

दोन बोर्ड ब्रिज करून ताकद चौपट करता येते काय?

कागदावर येते. पण ब्रिजमध्ये प्रत्येक बोर्डला स्पीकरचे अर्धेच ओम दिसतात. ८ ओमचा सब प्रत्येकाला ४ ओमचा वाटतो, ४ ओमचा सब २ ओमचा. ७२९४ च्या डेटाशीटमध्ये ब्रिजला ८ ओमच्या खाली जाऊ नका असं स्पष्ट लिहिलं आहे. आणि ट्रान्सफॉर्मर तोच ठेवला तर चौपट काही होत नाही, फक्त रेल लवकर खाली बसते.

गाडीचा ड्युअल कॉइल सब घरी वाजवू शकतो काय?

हो. ४ अधिक ४ ओमच्या कॉइल सिरीजमध्ये ८, समांतर २ ओम. घरी सिरीजच करा. एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी ठेवू नका.

लो-पास फिल्टर बाजारचा घेऊ की बांधू?

बांधा, अवघड नाही. हा फिल्टर फक्त खालचे सूर पुढे सोडतो. टीएल ०७२ (दुहेरी ऑप-ॲम्प आयसी) चा एक अर्धा भाग बफर, दुसरा फिल्टर. डावं-उजवं सिग्नल प्रत्येकी १० किलोओममधून एकत्र करा, थेट वायरला वायर पिळू नका. फिल्टरला दोन रेझिस्टर २२ किलोओमचे. दोघांच्या मधल्या बिंदूपासून आउटपुटकडे जाणारा कपॅसिटर १२० नॅनोफॅरॅड, आणि दुसऱ्या रेझिस्टरनंतर, म्हणजे अधिक इनपुटवरून, ग्राउंडला जाणारा ६८ नॅनोफॅरॅड. यातून ८० हर्ट्झला कट मिळतो. उतार आणखी खडा हवा असेल तर असाच दुसरा टप्पा मागे जोडा.

इथे हटकून एक चूक होते. टीएल ०७२ ला १२ व्होल्ट हवेत म्हणून ७८१२ आणि ७९१२ सरळ मोठ्या रेलवर लावतात. त्यांची इनपुट मर्यादा ३५ व्होल्ट आहे आणि तुमची रेल रात्री ३६ होते. १५-०-१५, ५०० मिलिॲम्पियरचा वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर लावा.

खोका पोर्टचा (हवा जायला नळी ठेवलेला) असेल तर अगदी खालचे सूरही कापले पाहिजेत. पोर्टच्या ट्यूनिंगच्या खाली कोनाला हवेचा आधार उरत नाही आणि तो मोकळा धावतो. ॲम्प्लीचं इनपुट २२ किलोओमचं असेल तर ०.३३ मायक्रोफॅरॅडचा इनपुट कपॅसिटर २२ हर्ट्झपासून खाली हळूहळू कापत जातो. थोड्या पैशात कोन वाचतो.

हीटसिंक केवढा लागेल?

क्लास एबी ॲम्प्ली सगळ्यात जास्त तापतो तो पूर्ण आवाजाला नव्हे, साधारण निम्म्या वॅटवर. अधिक-उणे ३१ व्होल्ट आणि ४ ओमला त्या वेळी जवळजवळ ५० वॅट उष्णता निघते. उन्हाळ्यात खोली ३५ अंशांवर धरली आणि हीटसिंक ७० च्या वर जाऊ द्यायचा नाही म्हटलं, तर ०.७ अंश प्रति वॅटचा हवा. साध्या शब्दांत : पंख उभे ठेवून बसवलेला, दोन्ही हातात धरावा लागेल एवढा ॲल्युमिनियमचा तुकडा. बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यांतून निघालेले जुने इन्व्हर्टर आणि ड्राइव्ह भंगारात येतात, त्यांचे हीटसिंक उत्तम असतात. वजनावर मिळतात. नवीन घेण्याआधी तिथे चक्कर मारा.

अभ्रक किंवा सिलिकॉन पॅड, दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ थर, स्क्रूला प्लास्टिकची बुश. लावून झालं की मल्टिमीटरने प्रत्येक ट्रान्झिस्टरचा कलेक्टर आणि हीटसिंक यांत बीप येत नाही ना बघा, मगच पुढे जा.

पहिल्यांदा चालू करताना काय काळजी घ्यायची?

सिरीज बल्ब. १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब फेजच्या वाटेत, ॲम्प्ली त्याच्या पुढे. एलईडी बल्ब चालत नाही. स्पीकर जोडायचा नाही, इनपुट ग्राउंडला. चालू केल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भरलेले कपॅसिटर शांत झाले. तसाच लख्ख पेटत राहिला तर लगेच बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्बने तुमचे ट्रान्झिस्टर वाचवले आहेत.

बल्ब मंद असताना आउटपुट आणि ग्राउंडमध्ये डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. मग बायस, मग बल्ब काढून पुन्हा तेच माप, आणि सगळ्यात शेवटी स्पीकर, तोही आधी एखादा जुना.

प्रायमरीला फ्यूज हवाच. २४० व्हीएला १.६ किंवा २ ॲम्पियरचा स्लो-ब्लो. फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा घालणाऱ्याने हे काम करू नये, असं मी स्पष्ट सांगतो.

स्पीकर प्रोटेक्शन खरंच लागतं काय?

एक आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की पूर्ण रेल स्पीकरवर येते. ४ ओमच्या कॉइलचा डीसी रोध ३.२ च्या आसपास असतो. ४५ व्होल्टला ते ६०० वॅटहून जास्त होतं, सलग. काही सेकंदांत कॉइल जळते, कधी कोनाचा कागदही पेटतो. यूपीसी १२३७ (स्पीकर वाचवणारा आयसी) चा रिले बोर्ड लावा. रिलेची जोडणी अशी : कॉमन पिन स्पीकरला, नॉर्मली ओपन ॲम्प्लीला, नॉर्मली क्लोज ग्राउंडला. मोठा डीसी तोडताना संपर्कांत आर्क (ठिणगी) तयार होतो, या जोडणीत तो स्पीकरकडे न जाता ग्राउंडला जातो आणि फ्यूज उडतो.

सगळं झालं, पण घूंऽऽ असा आवाज येतो. अर्थिंग काढलं की जातो. तसंच ठेवू?

नाही. धातूचं कॅबिनेट आणि अर्थिंग काढलेलं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं त्या दिवशी कॅबिनेटला हात लावणाऱ्याला शॉक. घरात लहान मुलं असतात. अर्थिंग जागेवर ठेवूनच घूं काढायचं.

आधी इनपुटची पिन काढून बघा. आवाज गेला तर दोष बाहेर आहे. बहुतेक वेळा टीव्हीचा सेट टॉप बॉक्स असतो. त्याची केबल गच्चीवरच्या डिशपासून वेगळी अर्थ घेऊन येते आणि दोन अर्थमध्ये वळसा तयार होतो. सिग्नलच्या वाटेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. मोबाइलवरून ब्लूटूथने वाजवलं तर हा प्रश्न येतच नाही.

पिन काढूनही आवाज राहिला तर आतली ग्राउंडची वायरिंग बघा. दोन कपॅसिटरच्या मधला जोड जाड ठेवा. त्यातून एकच फाटा काढून एक बिंदू करा आणि स्पीकर, बोर्ड, सिग्नल यांची ग्राउंड त्या बिंदूवर वेगवेगळ्या वायरने आणा. कपॅसिटर भरतानाचे झटके सिग्नलच्या ग्राउंडमधून जाता कामा नयेत.

खोका कसा असावा? आमचं घर कौलारू आहे.

बेसचा आवाज म्हणजे हलवलेली हवा. तेवढाच आवाज निम्म्या हर्ट्झवर हवा असेल तर कोनाला चौपट हलावं लागतं. म्हणून ८० हर्ट्झला सहज वाजणारा स्पीकर ४० ला धापा टाकतो, आणि वॅट वाढवले तर नुसता आपटतो. मोठा कोन आणि नीट मापाचा खोका यांनीच हे सुटतं.

पहिला खोका बंद प्रकारचा करा. मापात थोडी चूक झाली तरी चालते, आणि कोन हवेच्या दाबावर सांभाळला जातो. १८ मिमी प्लाय, आत आडवे दांडे, सांधे फेव्हिकॉलने आणि स्क्रूने. एमडीएफ आवाजाला छान, पण पावसाळ्यात फुगतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्यांनी प्लायच घ्यावा किंवा एमडीएफला आतून-बाहेरून प्रायमर आणि रंग द्यावा.

कौलारू घरात बेस छतातून निघून जातो, स्लॅबच्या खोलीसारखा भरत नाही. वर कौलं आणि पन्हाळीचा पत्रा थरथरतो, तो आवाज स्पीकरचा दोष समजू नका. सब कोपऱ्यात, भिंतीला धरून ठेवा. मोकळ्यात ठेवण्यापेक्षा तिथे बराच फरक पडतो, फुकट.

पावसाळ्यात काय जपायचं?

वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढा. स्विच बंद करून भागत नाही. बोर्डच्या सोल्डरच्या बाजूला फ्लक्स साफ करून वार्निशचा हात द्या, नाहीतर जुलै-ऑगस्टमध्ये ट्रॅक हिरवे पडतात. ॲम्प्ली आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा, आतली ओल सुटते.

हाच ॲम्प्ली शिवजयंतीच्या चित्ररथाला किंवा गणपतीच्या मंडपाला चालेल काय?

मंडपात आरतीला, भजनाला चालेल. उघड्यावर मिरवणुकीला नाही. खोलीत भिंती जी मदत करतात ती बाहेर नसते, मग आवाज पूर्ण फिरवला जातो आणि जनरेटरच्या हेलकावणाऱ्या व्होल्टेजवर घरचा सेट टिकत नाही.

नियमही माहीत असू द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार सणासुदीला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. वस्तीतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. बेस भिंतीतून जातो, शेजारच्या घरात आजारी माणूस असेल तर त्याला तो छातीत जाणवतो. घरी वाजवतानाही दहानंतर सब बंद ठेवा.

बोर्ड जळाला. नवे ट्रान्झिस्टर लावले, तेही लगेच गेले. आता?

फक्त आउटपुट बदलून भागत नाही. एक जोडी जाते तेव्हा बहुधा ड्रायव्हर आणि ०.२२ ओमचे रेझिस्टरही घेऊन जाते. आउटपुट सगळे काढा. ड्रायव्हर, बायसचा ट्रान्झिस्टर आणि प्रत्येक छोटा रेझिस्टर मल्टिमीटरने तपासा. उघडा पडलेला १०० ओमचा रेझिस्टर डोळ्यांना अगदी नवा दिसतो. मग आउटपुट न लावता सिरीज बल्बवर चालू करा. काही बोर्डांत ड्रायव्हरवरच आउटपुट शून्यावर येतो, डीसी नीट आला तर पुढचा भाग चांगला आहे. त्यानंतर एकच जोडी लावा, बायस सगळ्यात कमी करून पुन्हा बल्बवर, डीसी बघा, हीटसिंकवर हात ठेवून दहा मिनिटं थांबा. मग दुसरी जोडी.

आणि आउटपुटवरचं १० ओम व ०.१ मायक्रोफॅरॅडचं झोबेल, म्हणजे ग्राउंडला जाणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, तपासा. तो रेझिस्टर काळा पडला असेल तर ॲम्प्ली ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीला थरथरत होता आणि ट्रान्झिस्टर त्यानेच गेले. इनपुटची वायर आणि स्पीकरची वायर एकत्र बांधलेल्या असतील तर सोडवा, दोन वेगळ्या बाजूंनी न्या, मगच पुन्हा चालू करा.